दोन खिडक्या, एक पेन्सिल

"ती पेन्सिल ऱ्हाऊ दे की तिथं," अण्णा मेस्त्री म्हणाले.

मी तोवर कात्री घेऊन स्टुलावर चढलो होतो. कोल्हापुरातल्या विलास नाट्यगृहाची तिकीटखोली म्हणजे दोन माणसं बसली की तिसऱ्याने उभं राहायचं, एवढीच जागा. शेजारी शेजारी दोन खिडक्या, एकीवर अण्णा, दुसरीवर त्यांचा मदतनीस, मधे एक टेबल. टेबलावर नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्यांचा छापील नकाशा असे, त्याला सगळे प्लॅन म्हणत. टेबलाच्या वर खिळा आणि खिळ्याला सुतळीने बांधलेली लाल-निळी पेन्सिल. तिकीट दिलं की प्लॅनवर त्या खुर्चीवर लाल फुली मारायची. अण्णांनी सव्वीस वर्षं हेच काम केलं होतं.

"अण्णा, उद्यापासून फुली कॉम्प्युटर मारणार," मी म्हणालो.

"मारू दे की. माझं काय म्हणणं न्हाई. पर पेन्सिल कुणाकडं असणार?"

"अहो, पेन्सिल लागणारच नाही आता."

"दोन खिडक्या हाईत."

"हो, म्हणूनच कॉम्प्युटरचे दोन पडदे बसवलेत."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्याबरोबर आलेल्या मुलीकडे बघितलं. "पोरी, तुला कळलं मी काय इचारतोय ते?"

ती उज्ज्वला मोरबाळे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला माझ्या वर्गात होती आणि या प्रोजेक्टमध्ये माझी भागीदार. ती म्हणाली, "नाही कळलं अण्णा. पण दोन खिडक्या असून पेन्सिल एकच का? दुसरी आणता आली नसती का?"

"एकच बरी," अण्णा म्हणाले. समजावून सांगण्याची त्यांना सवय नव्हती.

मी सुतळी कापली. पेन्सिल चांगली होती, बोटाएवढी उरलेली, पण टोक छान केलेलं. मी ती शर्टाच्या खिशाला लावली आणि विसरून गेलो.

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. आमचं प्रोजेक्ट साधं होतं, पेन्सिल काढायच्या आधी दोन महिने आम्ही त्याच खोलीत बसून ते लिहिलं आणि तपासलं होतं. खोलीच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेले दोन पडदे आणि दोन कीबोर्ड, खिडकीला एकेक छोटा प्रिंटर. गिऱ्हाइकाने खुर्ची मागायची, खिडकीवरच्या माणसाने नंबर दाबायचा. खुर्ची रिकामी असेल तर तिकीट छापायचं आणि ती विकली म्हणून खूण करायची. विकलेली असेल तर पडद्यावर 'गेली' असं यायचं. 'गेली' हा शब्द मोरबाळेने निवडला होता. मला 'उपलब्ध नाही' हवं होतं. ती म्हणाली, "चौगले, एवढं वाचेपर्यंत गिऱ्हाईक घरी जाईल."

आम्ही एकमेकांना आडनावानेच हाक मारायचो. कॉलेजात तशीच रीत होती.

एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅम हा विषय आम्हाला त्याच वर्षी होता. माणगावकर सर शिकवायचे. गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ बसलेत, काटे पाचच आहेत आणि जेवायला प्रत्येकाला दोन काटे लागतात. प्रत्येकाने एकेक काटा उचलला तर सगळे एकमेकांकडे बघत उपाशी मरतील. तर काय करावं, असा प्रश्न होता. मोरबाळे तिसऱ्या बाकावरून म्हणाली होती, "सर, भाकरी द्या आणि हातानं खायला सांगा." सर हसले नाहीत, पण फळा पुसताना त्यांची पाठ हलत होती. त्या धड्यावरच्या परीक्षेत मला वीसपैकी सतरा मिळाले, तिला अठरा. व्याख्या सगळ्या पाठ होत्या. दोघांनी एकाच वस्तूला एकाच वेळी हात घालू नये, म्हणून कुलूप लावावं. मी तीन पानं लिहिली होती.

नाट्यगृह चालवणाऱ्या समितीचे चिटणीस सबनीस वकील. त्यांनी आमचा प्रोग्रॅम बघितला, आपल्या हाताने एक तिकीट छापलं आणि पेपरवाल्यांना बोलावून फोटो काढून घेतला. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं.

तिसऱ्या रविवारी सी रांगेतल्या बारा नंबरच्या खुर्चीवर दोन माणसं आली.

मी तिथे नव्हतो, पण ही हकिगत मला इतक्या जणांनी सांगितली की बघितल्यासारखीच आहे. एक होत्या फौजदारांच्या सासूबाई, बरोबर फौजदार. दुसऱ्या होत्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका. सासूबाईंच्या हातात सी बारा आणि मुख्याध्यापिकांच्या हातातही सी बारा. दोन्ही तिकिटं अस्सल, आमच्याच प्रिंटरची. सासूबाई आधी आल्या होत्या. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "मी बसले." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मी उभी राहते, पण इथंच राहते." तिसरी घंटा बारा मिनिटं उशिरा झाली. आत नटमंडळी रंग लावून घाम पुसत होती.

पुढच्या प्रयोगाला पुन्हा तेच झालं, पुन्हा सी बारा. ही खुर्ची मधल्या वाटेलगतची. मध्यंतर झालं की तिथून उठून वड्याच्या गाडीवर सगळ्यांच्या आधी पोचता येतं, म्हणून नेहमीची मंडळी तीच मागायची.

सोमवारी सबनीसांनी आम्हाला बोलावलं. "तुमचं काही नाही," ते म्हणाले, "कॉम्प्युटर काय चुकणार नाही. तिकीटखोलीची किल्ली मेस्त्रींकडं. एकदा छापायचं खिडकीवर आणि एकदा बाजूला. शुक्रवारी समितीची बैठक आहे. त्यांना घरी बसवायचं ठरल्यातच जमा आहे. तुम्ही फक्त लिहून द्या की प्रोग्रॅम बरोबर आहे."

बाहेर आल्यावर मोरबाळे म्हणाली, "अण्णा असं करणार नाहीत."

"बघू, तपासू."

तीन दुपारी आम्ही खिडक्या बंद झाल्यावर तपासत बसलो. ती एक नंबरवर, मी दोन नंबरवर. अण्णा बाहेर पायरीवर बसून राहायचे. आम्हाला चहा मात्र वेळेवर यायचा, आल्याचा.

"सी बारा. तू घे आधी," मी म्हणायचो.

ती घ्यायची. तिकीट छापून व्हायचं. मग मी मागायचो. पडद्यावर 'गेली'.

"आता तू आधी."

मी घ्यायचो, तिला 'गेली'. सी बारा, एफ सात, बाल्कनी. आम्ही दोनशेच्या वर खुर्च्या तपासल्या. एकदाही चूक नाही.

गुरुवारी मी खुर्ची मागे सरकवली. मंगळवारी आमची तोंडी परीक्षा होती, बाहेरून परीक्षक येणार होते. पुण्याच्या एका कंपनीने मला घ्यायचं कबूल केलं होतं, फर्स्ट क्लास मिळाला तर.

"मोरबाळे, देऊन टाकू लिहून. प्रोग्रॅम बरोबर आहे."

"मग दोन तिकिटं आली कुठनं?"

"अण्णांनी दिली असतील. माणूस आहे, कधीतरी मोह होतो."

ती वळली. "गेले तीन महिने तू त्यांचा चहा पितोयस."

"चहाचा काय संबंध?"

"मागच्या पावसाळ्यात ह्या खोलीत पाणी शिरलं, तर त्या माणसानं प्लॅन डोक्यावर धरून तिकिटं विकली होती. त्यांनी स्वतः नाही सांगितलं, सबनीसांच्या शिपायानं सांगितलं. आणि तू म्हणतोस मोह?"

"मग चूक दाखव ना! तीन दिवस शोधतोयस काय?"

"शोधतेयस," ती म्हणाली. "मी मुलगी आहे."

तिने आपल्या खिडकीकडे तोंड केलं, मी माझ्या. आता मी तिला दाखवूनच देणार होतो की दुसऱ्याला सी बारा मिळत नाही. तिलाही मला काहीतरी दाखवायचं होतं. कुणी कुणाला 'आधी तू' म्हणालं नाही.

दोन्ही प्रिंटर एकदम सुरू झाले.

आधी मला वाटलं, तिने दुसरीच खुर्ची घेतली असेल. चार सेकंद चर्र चर्र झालं. मी तिकीट फाडलं. मागे तिने फाडल्याचा आवाज आला.

न वळता ती म्हणाली, "तुझं कुठलं?"

"सी बारा."

तिने आपलं तिकीट वाचलं. "माझं पण."

मग आम्ही वळलो. ती हसायला लागली. मला हसू येत नव्हतं, पण ती इतकी हसली की डोळे पुसायला ओढणी घेतली. "चौगले, अरे, आपण एकमेकांना वाट देत होतो! तीन महिने! गिऱ्हाईक कुठं वाट देतंय?"

शनिवारी नऊच्या ठोक्याला दोन्ही खिडक्या एकदम उघडायच्या. दोन्ही रांगांतला पहिला माणूस नेहमीचा. दोघांनाही वड्याच्या गाडीवर पहिलं पोचायचं असे. इकडे प्रोग्रॅम बघायचा, खुर्ची रिकामी आहे. तिकडेही बघायचा, रिकामी आहे. दोन्हीकडे छपाई सुरू. खूण व्हायची ती छपाईनंतर. कागद अडकला तर खुर्ची उगाच विकल्यासारखी दिसू नये म्हणून आम्हीच तसं ठरवलं होतं, आणि ते ठरवताना फार हुशार वाटलं होतं.

"वीसपैकी सतरा," ती म्हणाली.

"तुला अठरा."

"म्हणजे मी जास्त गाढव."

बाहेर अण्णा पायरीवर होते. त्यांना काही कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "चा आणू का आणि?"

तिने मला हळूच विचारलं, "कोण सांगणार?"

"उद्या बघू," मी म्हणालो आणि सायकल घेऊन निघालो. मला स्वतःची लाज वाटत होती, म्हणून थांबलो नाही.

शुक्रवारी सकाळी अंघोळ करून मी कागद घेतला. दोन गोष्टी मला माहीत होत्या. एक म्हणजे हे बाहेर आलं तर मंगळवारी कुणाचं तरी कठीण होतं. दुसरी म्हणजे मोरबाळेच्या वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं, याच वर्षी पास झालीस तर नोकरी कर, नाहीतर गडहिंग्लजचं स्थळ आहे. ते स्थळ मी एकदा बघितलं होतं. एस.टी. स्टँडवर मोटारसायकलला टेकून आरशात भांग पाडत होतं.

खिशात अण्णांची पेन्सिल लागली, त्याच पेन्सिलीने कच्चं लिहिलं आणि मग शाईने पक्कं केलं. ओळ अशी होती: 'तिकिटांच्या प्रोग्रॅममधील चूक ही माझी एकट्याची असून, कु. उज्ज्वला मोरबाळे यांचा तिच्याशी काहीही संबंध नाही.' खरं तर प्रोग्रॅममधल्या त्या ओळी कुणी लिहिल्या होत्या ते मला आठवत नव्हतं. सगळं इतकं एकत्र लिहिलं होतं की तुझं-माझं राहिलं नव्हतं.

साडेदहाला सबनीसांच्या घरी शिपायाकडे पाकीट दिलं. अकराला बैठक. समितीचे पाच जण, माणगावकर सरांनाही बोलावलं होतं. अण्णा दाराशी उभे. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. काढून टाकायलाच बोलावलंय असं समजून ते आले होते, हे सदऱ्यावरून कळत होतं. मोरबाळे माझ्या आधी येऊन बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, तिनेही नाही.

सबनीसांनी चष्मा लावला. "माझ्याकडे आज सकाळी दोन पत्रं आलीत," ते म्हणाले.

मला वाटलं, एक माझं आणि एक फौजदारांचं.

त्यांनी माझं मोठ्याने वाचलं. अण्णांनी मान वर केली. मग त्यांनी दुसरं उघडलं. "'तिकिटांच्या प्रोग्रॅममधील चूक ही माझी एकटीची असून, श्री. रमाकांत चौगले यांचा तिच्याशी काहीही संबंध नाही.' खाली सही, उज्ज्वला मोरबाळे."

सबनीसांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, एकदा इकडचा बघितला, एकदा तिकडचा.

"मी चाळीस वर्षं वकिली केली," ते म्हणाले. "आरोपी दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हे रोज बघितलं. हे आज पहिल्यांदा बघतोय. तुम्ही दोघं बोलून आलाय काय?"

"नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

माणगावकर सर पुढे वाकले. "किती वाजता दिलं पत्र?"

"साडेदहाला, घरी," मी म्हणालो.

"साडेदहाला, ऑफिसात," ती म्हणाली.

सर मागे टेकले. वर्गात फळा पुसताना हलायची तशी त्यांची पाठ हलायला लागली. "सबनीससाहेब, सी बारासारखंच झालंय हे. एकच अपराध दोन खिडक्यांवर विकला गेलाय."

मग सगळ्यांना तिकीटखोलीत जावं लागलं. सबनीस म्हणाले, मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही. खोलीत जेमतेम तिघं मावली, बाकीचे दारातून माना घालून बघत राहिले. सबनीस एक नंबरवर बसले, माणगावकर सर दोन नंबरवर. मोरबाळे म्हणाली, "वाट बघायची नाही, सर. भांडण झालंय असं समजा." दोघांनी दाबलं. दोन्ही प्रिंटर वाजले. सबनीसांनी सी बाराची दोन्ही तिकिटं हातात घेतली आणि इतके खूश झाले की आणखी एकदा करून बघूया म्हणाले. आम्ही चार वेळा केलं.

मग ते गंभीर झाले. दाराकडे वळून म्हणाले, "मेस्त्री, आमचं चुकलं. माफ करा."

"माफी नगं वकीलसाहेब," अण्णा म्हणाले. "पेन्सिल द्या."

"कसली पेन्सिल?"

मी खिशातून काढून दिली. अण्णांनी टोक बघितलं. मी लिहून ते बोथट केलं होतं, त्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"दोन खिडक्या व्हत्या," ते सबनीसांना म्हणाले, "म्हणून पेन्सिल एक ठेवली. ज्याच्या हातात पेन्सिल, त्यानंच प्लॅनकडं बघायचं. बघायचं, फुली मारायची, पेन्सिल सोडायची. मग दुसऱ्यानं उचलायची. पेन्सिल हातात न्हाई तवर खुर्चीचं नावच घ्यायचं न्हाई. सुरवातीला दोन व्हत्या. एकदा कलेक्टर आणि त्येंचा साडू एकाच खुर्चीवर आलं. तवापास्नं एक."

माणगावकर सरांनी चष्मा काढून पुसला. "हे तुम्ही ह्या दोघांना सांगितलं नाही?"

"सुरू व्हायच्या आदीच इचारलं की. पेन्सिल कुणाकडं म्हणून." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यो स्टुलावर व्हता."

त्या रविवारचा प्रयोग कागदी प्लॅनवर झाला. शनिवार ते सोमवार आम्ही प्रोग्रॅम दुरुस्त केला. दुरुस्ती आठ ओळींची. एक खिडकी खुर्ची बघायला लागली की फुली मारून होईपर्यंत दुसरीने थांबायचं. या कुलपाचं नाव आम्ही 'पेन्सिल' ठेवलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हे काय नाव आहे? मोरबाळेने अण्णांची सगळी गोष्ट सांगितली, कलेक्टरच्या साडूसकट. परीक्षक हसले, पण त्या चुकीचे मार्क त्यांनी कापलेच. माझा फर्स्ट क्लास नऊ मार्कांनी हुकला. पुण्याचं पत्र आलं नाही. मला शिरोलीच्या एका फाउंड्रीत काम मिळालं. मोरबाळे पास झाली आणि गडहिंग्लजचं स्थळ दुसऱ्या कुणाच्या तरी आरशात भांग पाडायला गेलं.

दोन वर्षांनी तिला मागणी घालायला तिच्या वडिलांना मीच भेटलो. ते म्हणाले, "तुमच्याबद्दल लेखी आलंय माझ्याकडं. चूक हिची एकटीची, तुमचा काही संबंध नाही." सबनीसांनी तो कागद त्यांना दाखवला होता.

लग्नात अण्णांनी आहेर म्हणून ती पेन्सिल दिली, नव्या सुतळीला बांधून. ती आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लटकली. भांडण झालं की जिच्या किंवा ज्याच्या हातात पेन्सिल, त्यानेच बोलायचं. दुसऱ्याने थांबायचं. उज्ज्वला स्वतः चौगले झाली तरी मला चौगलेच म्हणायची. "चौगले, सोड आता, दहा मिनिटं झाली." ती मात्र घेतली की लवकर सोडायची नाही.

एक वाद तेवढा पेन्सिलनेही मिटला नाही. ती चूक कुणाची? आमटी खारट झाली, गॅस बंद करायचा राहिला, पोरगी परीक्षेला हॉलतिकीट विसरून गेली, की मी म्हणायचो, "ही तरी तुझी." ती म्हणायची, "ही पण माझी, आणि सी बारा पण माझी." मी म्हणायचो, सी बारा माझी. पाहुण्यांसमोरही आम्ही यावर भांडलो आहोत. तीस वर्षं.

तिला जाऊन आता चौदा महिने झाले. गेल्या महिन्यात मी भांड्यांची फडताळं साफ करत होतो. कप्प्यांत तिने कागद अंथरलेले असायचे. सगळ्यात खालच्या कप्प्यात, पातेल्यांखाली, आमच्या कॉलेजचे आलेखाचे कागद निघाले. पहिला कच्चा प्रोग्रॅम, हाताने लिहिलेला. मी खिडकीशी नेऊन बघितला.

'खुर्ची रिकामी आहे का बघ, असेल तर तिकीट छाप.' हे माझं अक्षर होतं. बरोबर होतं, काही चूक नाही.

'खुर्चीवर खूण कर.' हे तिचं. तेही बरोबर.

माझं जिथे संपलं आणि तिचं जिथे सुरू झालं, त्याच्या मधे दोन बोटं कोरी जागा होती. दुसऱ्या खिडकीवरचा माणूस तिथूनच आत आला होता. चूक त्या जागेत होती, आणि तिथे आमच्यापैकी कुणीच काही लिहिलेलं नव्हतं.

मी कागद घेऊन जमिनीवरच बसलो. हसू आलं. वाटलं, हाक मारावी आणि सांगावं, बघ, मिटला वाद, ना तुझी ना माझी.

पण ती काय म्हणाली असती ते मला माहीत आहे. फ्रिजशेजारची पेन्सिल आधी हातात घेतली असती, मग म्हणाली असती, "चौगले, ती कोरी जागा मीच सोडली होती."